घरच्या यंत्राकडून किती मागावं?

केस काढण्याचं यंत्र घरात आलं की दोन गोष्टी हमखास होतात. घरातली पुरुषमंडळी खोका उलटासुलटा करून ‘एवढ्याला हे?’ म्हणतात, आणि नात्यातल्या बायका हळूच बाजूला घेऊन ‘खरंच जातात का गं?’ असं विचारतात. पहिल्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही तरी चालतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र हो किंवा नाही असं एका दमात देता येत नाही.

मी गव्हाळ वर्णाची, हातापायांवर चांगले काळे केस असलेली, पार्लरच्या वेळा सांभाळून कंटाळलेली बाई. घरात एपिलेटर आधीपासून होता, आयपीएल नंतर आलं. वापरून, माहितीपत्रक वाचून, मैत्रिणींचं आणि नणंदांचं बघून, त्वचारोगतज्ज्ञांना विचारून जे पदरात पडलं ते इथे क्रमाने मांडते.

१. आधी यंत्र कोणत्या जातीचं, ते बघा

दुकानात एकाच फळीवर तीन वेगळ्या कामांची यंत्रं शेजारीशेजारी मांडलेली असतात. ट्रिमर केस त्वचेच्या वर कापतो. दोन-तीन दिवसांत खुंट हाताला लागतात. एपिलेटर केस मुळापासून उपटतो. दोन ते चार आठवडे निवांत जातात. या जातीचं पहिलं गाजलेलं यंत्र ‘एपिलेडी’ १९८६ साली इस्रायलमधल्या एका किबुत्झने, म्हणजे सामूहिक वसाहतीने, बाजारात आणलं. त्यात गरगर फिरणारी स्प्रिंग केस पकडून ओढायची. आता स्प्रिंगच्या जागी बारीक चिमट्यांच्या रांगा आल्या आहेत, काम तेच.

आयपीएल, म्हणजे ‘इंटेन्स पल्स्ड लाइट’, हा तिसरा प्रकार. हे यंत्र कापत नाही आणि उपटतही नाही. ते प्रकाशाचा झोत टाकतं आणि केसाच्या मुळाला चटका देतं. लोक त्याला सरसकट ‘घरचं लेझर’ म्हणतात, पण लेझरमध्ये एकाच तरंगलांबीचा प्रकाश असतो, तर आयपीएलमध्ये दिव्याचा, अनेक तरंगलांबींचा, गाळून घेतलेला. शिवाय दवाखान्यातल्या मशीनच्या मानाने घरच्या यंत्राची ताकद मुद्दामच बरीच कमी ठेवलेली असते, कारण ते माझ्यासारख्या, कसलंही शिक्षण न घेतलेल्या माणसाच्या हाती पडणार असतं. ही कमी ताकद म्हणजे आपल्या सुरक्षिततेची किंमत. ती आपण वेळेत चुकवतो.

२. ‘कायमचे’ कोण म्हणतंय ते विचारा

अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन या बाबतीत फार काटेकोर आहे. लेझर आणि आयपीएलच्या कंपन्यांना तिथे ‘कायमस्वरूपी घट’ एवढाच दावा करता येतो. म्हणजे ठरलेली मालिका पूर्ण केल्यावर परत उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहिली पाहिजे. सगळे केस जातील असं वचन त्यात नाही.

मुळासकट कायमचा निकाल लावणारी पद्धत एकच मानली जाते, ती म्हणजे इलेक्ट्रॉलिसिस. १८७५ साली सेंट लुईस शहरातल्या चार्ल्स मिशेल या नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यात टोचणाऱ्या, आत वळलेल्या पापण्यांच्या केसांसाठी ती वापरल्याची नोंद केली. एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून वीजप्रवाह सोडायचा. हनुवटीवरच्या चार केसांना हे ठीक आहे. दोन्ही पायांना कोण करत बसणार? तेव्हा पायांसाठी घट हेच ध्येय धरा. माझ्या पायांवर आजही केस आहेत. मोजके, बारीक आणि सावकाश वाढणारे. यंत्र घेताना मला एवढंच हवं होतं.

३. प्रकाशाला फक्त रंग कळतो

आयपीएलची सगळी करामत आणि सगळ्या मर्यादा एकाच गोष्टीतून येतात. केसातलं मेलॅनिन प्रकाश शोषून तापतं आणि ती उष्णता मुळाला इजा करते. आजूबाजूच्या त्वचेला धक्का न लावता नेमकं रंगद्रव्य तापवता येईल, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी १९८३ साली मांडलं. लेझरने केस काढण्याचा सगळा व्यवसाय त्यावर उभा आहे.

आता ही अट उलट बाजूने वाचा. केसात मेलॅनिन नसेल तर तापणार काय? माझ्या आत्याच्या हनुवटीवर चार-पाच पांढरे, तारेसारखे ताठ केस आहेत. तिने मोठ्या आशेने माझं यंत्र मागितलं होतं. मी तिला चिमटा दिला. पांढऱ्या, भुऱ्या आणि तांबूस केसांवर हा प्रकाश वाया जातो. गालावरच्या बारीक लवेचीही तीच गत.

आणि मेलॅनिन त्वचेतही असतंच. गोरी त्वचा आणि काळा केस ही जोडी या यंत्राला सगळ्यात सोपी. आपली त्वचा सावळी, म्हणजे प्रकाशाचा काही वाटा वाटेतच अडतो आणि त्वचा तापते. उन्हात त्वचा कशी वागते यावरून हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली त्वचेचे प्रकार पाडले, पुढे ते सहा झाले. आपल्याकडची बरीच मंडळी चौथ्या-पाचव्यात मोडतात. काही यंत्रं चौथ्यावर थांबतात, काही पाचव्यापर्यंत जातात. सहाव्यावर घरचं आयपीएल वापरूच नये. खोक्यावरचा रंगांचा तक्ता दिवसाउजेडी खिडकीशी नेऊन जुळवा, आणि जिथले केस काढायचे तिथल्याच त्वचेशी जुळवा. चेहरा, दंड, काख आणि जांघ यांचा रंग एकाच बाईच्या अंगावर वेगवेगळा असतो.

चांगल्या यंत्राला त्वचेचा रंग ओळखणारा सेन्सर असतो. त्वचा फार सावळी वाटली की ते फ्लॅश मारायला नकार देतं. अशा वेळी ‘बिघडलंय’ म्हणून दुसऱ्या कोनातून दाबत बसू नका. गडद त्वचेसाठी दवाखान्यात १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर असतं. त्याचा प्रकाश त्वचेच्या वरच्या थरात कमी शोषला जातो आणि खोलवर पोचतो. त्या त्वचेने तिथेच जावं.

४. वस्तऱ्याची भीती सोडा

आयपीएलआधी केस वस्तऱ्याने काढायचे असतात. हे ऐकून आमच्या घरात दोन पिढ्या हादरल्या. ‘वस्तरा लावलास? आता राठ येतील!’ हे वाक्य प्रत्येक मराठी मुलीने कधी ना कधी ऐकलेलं असतं. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच हे तपासून पाहिलं होतं, योगायोगाने तेही सेंट लुईसमध्येच. दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजून त्यांनी दाखवलं की वस्तऱ्याने केसाची जाडी वाढत नाही आणि वाढीचा वेगही बदलत नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. कापल्यावर ते बोथट होतं, म्हणून हाताला खरखर लागते. एवढंच.

वस्तराच का? कारण वरचा केस नको असतो आणि आतला हवा असतो. वर खुंट राहिले तर तेच जळतात, करपल्याचा वास येतो आणि त्वचा उगाच पोळते. आणि वॅक्स केलं असेल तर मूळच उपटून गेलेलं असतं. मग प्रकाशाने तापवायचं कशाला? माझ्या एका मैत्रिणीने दर महिन्याचं वॅक्सिंग चालू ठेवून मधल्या दिवसांत आयपीएल मारलं आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून यंत्र माळ्यावर टाकलं. बिचारं यंत्र रिकाम्या घरांवर दिवा मारत होतं. जिथे आयपीएल चालू आहे तिथे त्या काळात वॅक्स, एपिलेटर, थ्रेडिंग, चिमटा सगळं बंद.

५. पहिला महिना काही दिसत नाही

प्रत्येक केस आपापल्या वेळापत्रकाने वाढतो, थांबतो आणि गळतो. प्रकाशाचा परिणाम होतो तो वाढीच्या टप्प्यातल्या केसावर, कारण तेव्हाच तो मुळाशी घट्ट जोडलेला आणि रंगाने भरलेला असतो. डोक्यावरचे बहुतेक केस एका वेळी वाढीत असतात. पायांवर मात्र विश्रांती घेणाऱ्यांचा भरणा मोठा. ते आज सुटतात आणि पुढच्या महिन्यात हजर होतात. म्हणून तर आठवड्याने किंवा पंधरवड्याने, यंत्र सांगेल तसं, सुमारे तीन महिने बसावं लागतं आणि पुढेही महिन्या-दोन महिन्यांनी हात फिरवावा लागतो.

काम होतंय की नाही हे कळायला एक खूण आहे. फ्लॅशनंतर आठ-पंधरा दिवसांनी नडगीवरचा वाढलेला एखादा केस बघा. प्रकाश नीट पोचला असेल तर चिमट्यात धरून जरा ओढताच तो बिनविरोध हातात येतो. दुखत नाही, त्वचा वर खेचली जात नाही, टोकाला कधीकधी करपलेला काळा ठिपका असतो. शेजारचाच दुसरा केस मात्र पूर्वीसारखा हिसका मागतो. एका बोटाच्या अंतरात हे दोन्ही सापडतात. ही पाहणी एकदोन केसांपुरतीच. सगळं शेत उपटायला बसू नका.

दुसऱ्या महिन्यात पाय चमत्कारिक दिसतात. एक पट्टा मोकळा, शेजारी दाट झुपका. जिथे फ्लॅशची खिडकी टेकायची राहिली ती जागा अशी चुगली करते. घोटा, गुडघ्याची वाटी आणि नडगीचं हाड हे ठरलेले चुकार. गुडघा वाकवून त्वचा ताणून धरली की खिडकी सपाट बसते.

६. मुहूर्त ऊन बघून काढा

उन्हाने रापलेल्या त्वचेवर आयपीएल मारलं तर काळे डाग पडण्याची, अगदी पोळण्याचीही शक्यता असते, आणि सावळ्या त्वचेवरचा डाग जायला महिनोन्‌महिने लागतात. म्हणून एप्रिल-मे हा सुरुवातीचा काळच नव्हे. पावसाळा किंवा ऑक्टोबरचं ऊन सरल्यावरची थंडी बरी. गोव्याची सहल ठरली असेल तर आधी सहल, रापलेपण उतरू द्या, मग यंत्र. पुण्यात दुचाकीवर बायका स्कार्फ, सनकोट आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालून फिरतात त्याची थट्टा होते. आयपीएलच्या दिवसांत तोच वेश कामाचा. उघड्या राहणाऱ्या भागाला सनस्क्रीन हवंच.

लग्नघरासाठी वेगळी सूचना. हळदीच्या आठवड्यात यंत्र विकत आणून काही होणार नाही. साखरपुडा झाल्या झाल्या सुरू केलं आणि मध्ये निदान तीन-चार महिने असतील, तर लग्नापर्यंत फरक दिसतो. हातावर मेंदी रंगलेली असताना फ्लॅश नको. रंग पूर्ण उतरू द्या.

७. चेहरा हे वेगळं प्रकरण आहे

‘तान्हेपणी कणकेच्या गोळ्याने चोळलं असतं तर ही वेळ आली नसती,’ असं आजही आज्या म्हणतात. तान्ह्या बाळाची लव आपोआपच गळते. वयात आल्यावर ओठावर, हनुवटीवर जे येतं त्याचा त्या गोळ्याशी संबंध नाही. तो हार्मोनचा कारभार असतो.

डॉक्टर अंगावरच्या केसांना गुण देतात. फेरिमन आणि गॅल्वे यांनी १९६१ साली ही मोजणी बसवली. ओठ, हनुवटी, छाती, पोट, पाठ, दंड, मांडी अशा जागांना शून्य ते चार गुण द्यायचे. हार्मोनच्या बेरजेतून त्यांनी कोपराखालचा हात आणि गुडघ्याखालचा पाय वगळला, कारण तिथल्या केसांवरून हार्मोनचा अंदाज येत नाही. ज्या नडग्यांसाठी आपण जिवाचं रान करतो, त्या डॉक्टरांच्या हिशेबात नाहीतच!

पण हनुवटीवर जाड केस वाढू लागले, पाळी पुढेमागे होऊ लागली, मुरमं आली, वजन चढलं, तर यंत्राचा खोका उघडण्याआधी डॉक्टर गाठावा. माझ्या नणंदेला पीसीओएस हा हार्मोनचा विकार आहे. तिच्या हनुवटीवर यंत्र जुना केस कमी करायचं आणि हार्मोन शेजारच्या लवेतून नवा जाड केस तयार करायचं. औषधं सुरू झाल्यावर कुठे दोन्हींचा ताळमेळ बसला. तिच्या बाबतीत यंत्र कुचकामी होतं असं नाही. त्याला एकट्याने झेपणारं ते काम नव्हतं.

चेहऱ्याबाबत आणखी एक धोका माहीत असावा. कमी ताकदीच्या प्रकाशाने कधीकधी केस कमी होण्याऐवजी वाढतात. हे विशेषतः गाल, जबडा आणि मान इथे, सावळ्या त्वचेच्या आणि हार्मोनचा त्रास असलेल्या स्त्रियांमध्ये दिसतं. सरसकट होत नाही, पण झालं तर लवेच्या जागी जाड केस घेऊन बसावं लागतं. त्यामुळे गालावरच्या लवेला मी हातच लावत नाही. भुवयांच्या आणि डोळ्यांच्या आसपास तर आयपीएल कोणीच आणू नये. तिथे थ्रेडिंगवाल्या ताईंचा दोरा बरा.

८. दुखण्याचाही अंदाज असू द्या

आयपीएलचा फ्लॅश म्हणजे रबरबँडची हलकी चापट. नडगीच्या हाडावर आणि काखेत जरा जास्त जाणवते. एपिलेटरच्या बाबतीत मात्र गोड बोलण्यात अर्थ नाही. पहिल्या खेपेला डोळ्यांत पाणी येतं, काखेत तर देव आठवतो. पुढे केस विरळ येतात आणि सोसतं. केस दोन ते पाच मिलिमीटर वाढलेले असावेत, कोमट पाण्याने अंघोळ झालेली असावी, एका हाताने त्वचा ताणावी, आणि हे सगळं रात्री करावं, कारण उठलेले लाल पुरळ सकाळपर्यंत बसतात. एपिलेटरमुळे काही केस त्वचेखालीच वळून वाढतात. अधूनमधून ओल्या पंच्याने हलकं घासलं तर ते कमी होतं. नखाने कोरलं की डाग राहिलाच.

एपिलेटर कुणाचा कुणाला देऊ नये. त्याच्या चिमट्यांना रक्ताचा सूक्ष्म अंश लागू शकतो.

९. लाखांच्या आकड्यांना भुलू नका

जाहिरातीत ‘३ लाख फ्लॅश’, ‘९ लाख फ्लॅश’ असे आकडे असतात. हिशेब करू. एका बैठकीत हात, पाय, काख मिळून ५०० फ्लॅश धरले तर ३ लाखांत ६०० बैठका होतात. पंधरवड्याला एक धरली तरी ही वीसहून अधिक वर्षं झाली. तोवर आपलेच केस पांढरे होतील. त्याऐवजी त्वचेचा सेन्सर आहे का, ताकदीच्या पायऱ्या किती, काखेसाठी लहान खिडकी मिळते का, आणि दुरुस्ती गावात होते का, हे विचारा. चांगल्या यंत्राला दहा-वीस हजार सहज मोजावे लागतात. पार्लरचा वर्षाचा खर्च शेजारी मांडून बघा, पण भुवया आणि ओठ यांच्यासाठी पार्लर सुटणार नाही हेही त्यात धरा.

१०. काही ठिकाणी नाही म्हणजे नाही

गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना थांबावं. त्या काळातल्या वापराची चाचणी झालेली नसते. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, डॉक्सिसायक्लिनसारखी उन्हाला त्वचा हळवी करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तीळ, चामखीळ, टॅटू यांच्यावर फ्लॅश मारायचा नाही. आमच्या सासूबाईंच्या हातावर जुनं हिरवं गोंदण आहे. शाईला रंग असतो आणि प्रकाश रंगच शोधत असतो, त्यामुळे तिथे पोळणार हे नक्की. नवीन जागी आधी एका कोपऱ्यात दोन-तीन फ्लॅश मारून एक-दोन दिवस वाट बघावी. जागा लाल राहिली, फोड आला किंवा काळवंडली तर पुढची पायरी चढू नये.

११. केस मोजू नका, अंतर मोजा

आरशात रोज बघून फरक कळत नाही. मी कालनिर्णयवर खूण करते. ज्या दिवशी पायांवरून वस्तरा फिरवावासा वाटला, त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने एक ठिपका. सुरुवातीला ठिपके जवळजवळ होते, दर दोन-तीन दिवसांनी. पुढच्या पानांवर ते विरळ होत गेले, आणि आता एका पानावर एखादा दिसला तर दिसला. काखेत हा फरक लवकर आला, मांडीवर उशिरा. यंत्र बंद ठेवलं की ठिपके हळूहळू परत जवळ यायला लागतात, म्हणून अधूनमधून हात फिरवणं चालूच ठेवावं लागतं.

भाचीने परवा विचारलं, ‘मावशी, मी घेऊ का?’ मी तिला तीन गोष्टी विचारल्या. तुझा केस काळा आहे का, त्वचा तक्त्यात बसते का, आणि दर पंधरवड्याला अर्धा तास तू खरंच बसशील का? तिसऱ्या प्रश्नाला ती हसली. मग तिला ट्रिमर घ्यायला सांगितला. तुम्ही घेतलंच, तर ठिपके घालत जा. चार महिने नेमाने वापरूनही दोन ठिपक्यांमधलं अंतर वाढलं नसेल, तर तुमच्या केसांना हे यंत्र मानवत नाही. ते विकून टाका आणि पैसे त्वचारोगतज्ज्ञांच्या फीसाठी ठेवा.